अंगणात उभा राहिलेला दादा

३० मार्च २०२५ चा रविवार जरा विचित्रच होता. आपल्याकडे गुढीपाडवा. आयर्लंडमध्ये त्याच दिवशी 'मदर्स डे', कारण इथे तो ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी येतो. त्यात पहाटे घड्याळं एक तास पुढे गेली, म्हणजे घर साडेपाचऐवजी साडेचार तासांवर आलं. मी स्वोर्ड्समधल्या माझ्या भाड्याच्या खोलीत पडद्याच्या दांडीला साडी आणि तांब्या बांधून खिडकीत गुढी उभी केली. कडुलिंब नव्हता, साखरेच्या गाठी नव्हत्या. शेजारची मल्याळी मैत्रीण नर्स आहे. रात्रपाळी संपवून ती थेट चर्चला निघाली होती. "येतेस का?" म्हणाली, म्हणून गेले.

त्या दिवशी तिथे जो दाखला वाचला गेला, तो तुम्ही कुठेतरी ऐकलेला असणार: उधळ्या मुलाचा. कॅथलिक चर्चमध्ये दर तीन वर्षांनी उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी त्याची पाळी येते. मी ख्रिस्ती नाही आणि या लेखात श्रद्धेबद्दल मला काही सांगायचंही नाही. पण परदेशात राहणाऱ्या माणसाने ही गोष्ट एकेका पात्राच्या बाजूने वाचली, तर ती काही वेगळंच विचारू लागते. त्याबद्दल हा लेख आहे.

आधी गोष्ट, थोडक्यात. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात ती येते. एका माणसाला दोन मुलगे. धाकटा वाटणी मागतो, मिळालेलं सगळं घेऊन दूरदेशी जातो, उधळतो. मग तिथे दुष्काळ पडतो. तो डुकरं राखायला लागतो, त्यांच्या शेंगासुद्धा त्याला खाव्याशा वाटतात, पण कुणी काही देत नाही. शेवटी तो ठरवतो की घरी जाऊन माफी मागायची आणि मला मजूर म्हणून ठेवा असं म्हणायचं. बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो. झगा, अंगठी, पायताण, पोसलेलं वासरू, गाणंबजावणं. थोरला शेतावरून येतो, आवाज ऐकतो, गड्याला विचारतो, चिडतो आणि आत यायला नकार देतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. इथे गोष्ट थांबते.

मराठी बायबलमध्ये अशा गोष्टीला 'दाखला' म्हणतात. आपल्याला दाखला म्हटलं की तहसील कचेरी आठवते: जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. काहीतरी सिद्ध करणारा कागद. या दाखल्याने नेमकं काय सिद्ध होतं, हाच प्रश्न आहे.

धाकटा: उधळपट्टी की दुष्काळ?

धाकट्याचं वाटोळं कशामुळे झालं? उत्तर सोपं वाटतं, उधळपट्टीमुळे. मार्क अॅलन पॉवेल या अमेरिकी अभ्यासकाने एक साधा प्रयोग केला. लोकांना ही गोष्ट वाचायला लावली आणि मग न बघता पुन्हा सांगायला सांगितलं. १०० अमेरिकी वाचकांपैकी फक्त ६ जणांच्या सांगण्यात दुष्काळ आला. बाकीचे तो चक्क विसरले. हाच प्रयोग त्याने रशियात सेंट पीटर्सबर्गला केला, तेव्हा ५० पैकी ४२ जणांनी दुष्काळ सांगितला. हे शहर म्हणजे पूर्वीचं लेनिनग्राड. दुसऱ्या महायुद्धातल्या वेढ्यात तिथे लाखो माणसं उपासमारीने मेली. ज्यांच्या घरात भुकेची आठवण आहे, त्यांना गोष्टीतली भूक दिसते.

ही गोष्ट आयर्लंडमध्ये कशी ऐकली गेली असेल, याचा विचार करा. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याचं पीक कुजलं, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. इथे 'दूर देश' हा आधी भुकेतून सुटण्याचा रस्ता होता, चैनीचा नव्हे. आणि आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पाहिलेली आजी असेल, तर तिला विचारा. खडी फोडायला गेलेली माणसं, मिलो ज्वारी, सुकडी, सगळं ती सांगेल. माझी आजी असती तर या मुलाला उधळ्या म्हणण्याआधी तिने विचारलं असतं, "पाऊस कुठल्या साली गेला होता?"

आता आपलं बघू. आपण धाकटे आहोत का? दूरदेशी आलोय खरे, पण उधळायला आपल्या हातात असतं काय! पगार येतो, भाडं जातं, कर्जाचा हप्ता जातो, उरलेलं घरी जातं. धाकट्याशी आपलं साम्य खर्चात नाहीच. ते वाटणीत आहे.

वाटणी

बायबलचे अनेक पाश्चात्त्य वाचक या गोष्टीत पहिला धक्का इथेच घेतात. केनेथ बेली मध्यपूर्वेत अनेक वर्षं शिकवत होते. त्यांचं म्हणणं असं की बाप जिवंत असताना वाटा मागणं म्हणजे त्याच्या मरणाची इच्छा करणं. हे वाचताना मला जरा हसू आलं, कारण आपल्याकडे वाटणी हा रोजचा शब्द आहे. मिताक्षरा परंपरेनुसार वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासूनच असतो. बाप हयात असताना झालेल्या वाटण्या प्रत्येक गावात सापडतील. वाईट वाटतं, भांडणं होतात, बांध पडतात, पण 'बाप मेला' असा त्याचा अर्थ कुणी लावत नाही.

त्यामुळे मराठी वाचकाचं लक्ष दुसरीकडे जायला हवं. मूळ ग्रीकमध्ये म्हटलंय की बापाने ती संपत्ती 'त्या दोघांना' वाटून दिली. म्हणजे थोरल्यालाही त्याचा भाग मिळाला. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा मिळतो. दोन भाऊ असतील तर दोन तृतीयांश थोरल्याचा, एक तृतीयांश धाकट्याचा. शेवटी बापही थोरल्याला सांगतो की माझं आहे ते सगळं तुझंच आहे. मग हिशोब असा होतो: धाकट्याच्या स्वागताला कापलेलं वासरू थोरल्याच्या गोठ्यातलं होतं. झगाही त्याच्याच घरातला. मेजवानी बापाने दिली, पण ती थोरल्याच्या वाट्यातून.

आणखी एक बारीक गोष्ट. संपत्तीसाठी तिथे 'बिओस' हा ग्रीक शब्द येतो. त्याचा पहिला अर्थ 'जीवन'. बापाने आपलं जगणंच दोघांत वाटलं.

आता माझ्याच घरचं सांगते. माझ्या मास्टर्सची फी भरायला बाबांनी कराडजवळची दीड एकर जमीन विकली. आजोबांकडून आलेली जमीन, म्हणजे दादाचाही हक्क होता. २००५ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने माझाही आहे. पण माझा वाटा मी घेतलाच की! विमानाच्या तिकिटात, फीमध्ये, पहिल्या तीन महिन्यांच्या भाड्यात. त्या खरेदीखतावर दादाची सही आहे. त्याने ती काही न बोलता केली. आमच्या घरी कुणी त्याला वाटणी म्हणत नाही, 'ताईचं शिक्षण' म्हणतात. तुमच्याही घरी असाच एखादा सौम्य शब्द असेल.

बाप: मजूर नको, मूल हवं

बापाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी एकाच मुद्द्यावर थांबते. धाकटा वाटेत एक वाक्य घोकत येतो, त्याचा शेवट असा की मला मजुरासारखं ठेवा. बाप त्याला तिथपर्यंत पोचूच देत नाही. मजुरीचा विषय निघायच्या आत तो झगा मागवतो. पुढे थोरला तक्रार करतो, तेव्हा म्हणतो की इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली. मूळ ग्रीक क्रियापद गुलामीचं आहे. म्हणजे दोन्ही मुलं स्वतःला त्या घरातले नोकर समजतायत. एक बाहेरून आत येताना, दुसरा आत असून. बाप दोघांनाही म्हणतो, नोकर नव्हे, तू मूल आहेस. थोरला त्याला 'बाबा' अशी हाकही मारत नाही, सरळ तक्रार सुरू करतो. तरी बाप त्याला 'टेक्नॉन', म्हणजे 'बाळा', म्हणतो.

याची तुलना सद्धर्मपुंडरीक सूत्रातल्या, म्हणजे लोटस सूत्रातल्या, चौथ्या अध्यायाशी करून बघा. तिथेही हरवलेला मुलगा आहे. पन्नास वर्षं भटकून गरीब झालेला. बाप त्याला ओळखतो, पण मुलगा त्या वैभवाला घाबरतो. म्हणून बाप त्याला खरंच मजुरीवर ठेवतो, उकिरडा काढायचं काम देतो आणि वीस वर्षं हळूहळू जवळ आणतो. शेवटी सांगतो की तू माझा मुलगा. मानसशास्त्र म्हणून मला हा बाप जास्त शहाणा वाटतो. लूकचा बाप घाई करतो, धावतो. पण एक फरक आहे: सूत्रातल्या गोष्टीत दुसरा भाऊ नाही. एकच मुलगा परत येणार असेल, तर बापाला कितीही सबुरी परवडते, आणि कितीही मेजवानीसुद्धा. घरात आधीच कुणी असेल तेव्हा खरी पंचाईत होते.

थोरला: ज्याला कुणी बोलावलं नाही

चर्चमध्ये, शाळेत, सिनेमात थोरला नेहमी खडूस ठरतो. हेवा करणारा, कोरडा, नियमावर बोट ठेवणारा. पण घटनांचा क्रम नीट बघा. धाकटा आला. बापाने गड्यांना कामाला लावलं. वासरू कापलं, शिजलं, वाजंत्री आली, नाच सुरू झाला. याला किती तास लागले असतील? तेवढ्या वेळात शेतावर निरोप घेऊन कुणीही गेलं नाही. थोरल्याला आपल्या घरात काय चाललंय हे एका पोऱ्याला विचारावं लागलं.

एमी-जिल लेव्हाइन ही ज्यू अभ्यासक आपल्या २०१४ च्या पुस्तकात इथे बोट ठेवते. याच अध्यायात या गोष्टीआधी दोन छोट्या गोष्टी आहेत. एकात माणसाची शंभरातली एक मेंढी हरवते, दुसरीत बाईचं दहातलं एक नाणं. दोघांनीही मोजलं, म्हणून त्यांना कळलं की एक कमी आहे. या बापाला मुलगे दोनच, पण मेजवानी सुरू करताना त्याने मोजलं नाही. दोनपर्यंतसुद्धा नाही.

मग थोरला बोलतो. मला कधी करडूसुद्धा दिलं नाही मित्रांबरोबर खायला, म्हणतो. वासराची बरोबरी तो मागत नाही. करडाचीच गोष्ट काढतो, हे लक्षात घ्या. धाकट्याला तो भाऊ म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. उत्तर देताना बाप हळूच ते दुरुस्त करतो आणि 'हा तुझा भाऊ' म्हणतो. आणि थोरला एक आरोप करतो, की याने वेश्यांवर पैसे उडवले. गोष्ट सांगणाऱ्याने हे आधी कुठेच सांगितलेलं नाही. तिथे फक्त बेछूट जगण्याचा उल्लेख आहे. थोरल्याने तपशील स्वतःच भरला.

हे मला अगदी ओळखीचं वाटतं. आपण इन्स्टाग्रामवर हाउथच्या कड्यावरचा एक फोटो टाकतो. घरी बसलेल्या माणसाला तोच आपला आठवडा वाटतो. शनिवारची धुणी, अंधारातली बस, व्हिसाचं टेन्शन फोटोत नसतं. मग तो उरलेलं स्वतः भरतो. आपणही तेच करतो. 'दादा काय, आईच्या हातचं खातोय' असं म्हणताना रात्री दोन वाजता बाबांना दवाखान्यात कोण नेतं, हे आपल्या चित्रात नसतं.

गेल्या डिसेंबरात मी घरी गेले, तेव्हा आईने गणपती नसताना उकडीचे मोदक केले. मामा आला, मावशी आली. जेवणं झाल्यावर दादा हसत म्हणाला, "तू आलीस की घरात सण. गेलीस की सणाची भांडी आम्ही घासतो." सगळे हसले. मीही हसले. करडाचं वाक्य मी चर्चमध्ये ऐकलं, तेव्हा मला भांड्यांचं वाक्य आठवलं.

जी पात्रं गोष्टीत नाहीत

मदर्स डेच्या दिवशी ऐकलेल्या त्या गोष्टीत आई नव्हती. बहीण नाही, थोरल्याची बायको नाही. वासरू कुणी शिजवलं, हे कुणी विचारत नाही. हेन्री नावन या धर्मगुरूने १९९२ साली या गोष्टीवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. रेम्ब्रांटच्या चित्रातल्या बापाचा एक हात पुरुषाचा आणि एक बाईचा वाटतो, असं निरीक्षण त्यात आहे. आई अशी बापाच्या एका हातात सामावली. सुंदर कल्पना आहे, पण सोयीचीही आहे.

कारण दादाच्या वाक्यातला 'आम्ही' जरा तपासून बघा. आमच्या घरी भांडी दादा घासत नाही, वहिनी घासते. बाबांच्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ आहेत. आमच्या दीड एकरात तिचा काही वाटा नव्हता आणि माझ्या येण्याजाण्याचा तिला काही आनंद व्हायलाच हवा असंही नाही. थोरला निदान अंगणात उभा राहून रागावू तरी शकतो. तिला आत चुलीपाशी रागवायलाही जागा नाही.

मागे राहिलेल्या माणसाने स्वतः लिहिलं, तर काय होतं याचा मराठीत मोठा पुरावा आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई नातलगांत एकट्या पडल्या. पुढे त्या टिळकांकडे गेल्या, ख्रिस्तीही झाल्या. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्षात राहतं ते असं की सोडून जाणाऱ्याची गोष्ट इथे मागे राहिलेली बाई सांगतेय, हसत, चिमटे काढत, काहीही न लपवता. कवी टिळक होते, पण त्या घराची गोष्ट आपल्यापर्यंत लक्ष्मीबाईंनी पोचवली.

न संपलेली गोष्ट

डब्लिनला राहत असाल, तर मेरियन स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीचा संग्रह ठाऊक असेल. १६६० च्या दशकात मुरियो या स्पॅनिश चित्रकाराने या गोष्टीवर काढलेली सहा चित्रं त्यात आहेत. बीट दांपत्याने ती १९८७ मध्ये गॅलरीला दिली. वाटणी घेणं, घोड्यावरून निघणं, मेजवानी, हाकलून देणं, डुकरं राखणं आणि परत येणं. सहावं चित्र मिठीचं आणि तिथेच मालिका संपते. थोरल्याच्या रागाचं सातवं चित्र मुरियोने काढलंच नाही. बरेच प्रवचनकारही मिठीपाशीच थांबतात.

आयर्लंडला मात्र हा थोरला चांगला माहीत आहे. मोठ्या दुष्काळानंतर इथे जमिनीचे तुकडे करणं थांबलं. शेत एका मुलाला, बाकीच्यांना बोटीचं तिकीट. निघणाऱ्यासाठी रात्रभर जागरण व्हायचं, त्याला 'अमेरिकन वेक' म्हणत, म्हणजे मयताच्या घरी जागतात तसंच. शेत मिळालेला घरी राहिला. पॅट्रिक कॅव्हनाने १९४२ साली 'द ग्रेट हंगर' या दीर्घ कवितेत त्याचीच गोष्ट सांगितली. त्यातला पॅट्रिक मग्वायर आई आणि जमीन सांभाळत अविवाहित म्हातारा होतो. शीर्षक दुष्काळाचं, पण उपासमार घरी राहिलेल्याची.

आपल्याकडे महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत केसोबासांनी रचून ठेवले. त्यांचा साचा पक्का आहे: सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्ट कशाला लागू होते ते. लूकच्या या गोष्टीला दार्ष्टांतिक नाही. थोरला आत गेला की नाही, सांगितलेलंच नाही. बाप दोनदा घराबाहेर येतो, एकदा धाकट्यासाठी, एकदा थोरल्यासाठी, आणि दुसऱ्या खेपेला गोष्ट त्याला अंगणातच सोडते.

पण मला त्या रविवारी टोचलं ते वेगळंच. संपूर्ण गोष्टीत दोन भाऊ एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. थोरला गड्याशी बोलतो, बापाशी बोलतो. धाकटा बापाशी बोलतो. आणि बाप अंगणात विनवण्या करत असताना धाकटा कुठे होता? आत, ताटावर. त्याने बाहेर यायला हवं होतं, हे कुणाच्याच मनात आलं नाही. माफी त्याने बापाची मागितली. पण शेत इतकी वर्षं कुणी कसलं?

आपण सगळे बापाच्या मिठीची वाट बघतो. आईबाबांचे डोळे भरून आले की आपलं जाणं माफ झालं असं वाटतं. पण ती माफी त्यांची असते. दादाचा हिशोब त्यात मिटत नाही, आणि आईबाबांनी तो मिटवावा अशी अपेक्षा करणं म्हणजे पुन्हा बापालाच अंगणात पाठवणं.

त्या पाडव्याला संध्याकाळी मी दादाला फोन लावला. आईच्या फोनवर नव्हे, त्याच्या नंबरवर. तिकडे रात्रीचे साडेदहा झाले होते. दुसऱ्या रिंगला उचलला आणि म्हणाला, "काय झालं? सगळं ठीक आहे ना?" मी त्याला थेट फोन करते ते फक्त काही बिघडलं असेल तरच, हे मला तेव्हा कळलं. "काही नाही, सहज," म्हटलं. तो गप्प. मग म्हणाला, "थांब, बाबा झोपलेत, अंगणात जातो."

बोललो आम्ही वीस मिनिटं. जमिनीचा विषय मीच काढला. त्याने टाळला, मग काढला. सगळं काही मिटलं नाही. वहिनीशी अजून बोलायचंय, आणि तिच्याशी काय बोलायचं हे मला अजून नीट सुचलेलं नाही.

तुमच्या घरी अंगणात कोण उभं आहे? आणि त्याचा नंबर तुम्ही शेवटचा कधी लावला होतात?